दोन जावा, दोन सायकली आणि आंजर्ल्याचा उतार

बुलढाण्याहून समुद्र किती लांब आहे हे ज्यांना ठाऊक नसेल, त्यांनी नकाशा काढून बघावा आणि मग गुपचूप घडी घालून ठेवून द्यावा. आमच्याकडे मोठं पाणी म्हणजे येळगावचं धरण. लोक त्याच्या भिंतीवर उभे राहून फोटो काढतात आणि खाली 'निसर्गाच्या सान्निध्यात' असं लिहितात. अशा गावातली एक भूगोलाची बाई, म्हणजे मी, आणि धाडला राहणारी माझी थोरली जाऊ कुसुमताई, अशा दोघींनी जानेवारीत कोकण किनाऱ्यावर सायकल चालवायला जायचं ठरवलं. यावर लोक काय म्हणाले असं विचाराल, तर काहीच म्हणाले नाहीत. आम्ही लोकांना सांगितलंच नव्हतं.

लपवायला कारण होतं. आमच्या दोघींच्या नवऱ्यांचं, म्हणजे दोन सख्ख्या भावांचं, वाटणी झाल्यापासून बोलणं बंद आहे. आमच्याकडे दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. हा धुरा थोरल्याच्या, म्हणजे दादांच्या शेतात सरकलाय की माझ्या नवऱ्याच्या, यावर दोघांचा अभ्यास चालू आहे. मोजणी झाली, फेरमोजणी झाली. धुऱ्यावरचं गवत मात्र दोन्ही बाजूंनी सारखंच वाढतं, त्याला निकालाची घाई नाही. मधल्या काळात लग्नकार्यात दोघं भाऊ एकमेकांकडे पाठ करून बसतात आणि वाढपी गोंधळतो.

बायकांनी बोलायचं नाही, असा ठराव काही झाला नव्हता. तो गृहीत धरला होता. कुसुमताईंना डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सायकल चालवायला सांगितलं तेव्हा त्यांनी मुलीची गिअरची सायकल बाहेर काढली. मुलगी नोकरीला गेली होती आणि सायकलवर कपडे वाळत होते. मी बुलढाण्यातून निघायची, त्या धाडहून. दर रविवारी मधल्या एका चहाच्या टपरीवर भेटायचो. तिथंच एकदा त्या म्हणाल्या, "मीना, तू पोराइले समुद्र शिकवतं. तू तरी पाह्यला का?"

"एकदा. सहलीत. बसच्या खिडकीतून."

"म्या तं तेवढाबी नाई. चाल मंग."

झाली योजना. मी घरी सांगितलं, मैत्रिणीसोबत चालली. त्यांनी घरी सांगितलं, मंडळाच्या बायांसोबत चालली. दोन्ही वाक्यं तशी खरी होती, फक्त माझी मैत्रीण म्हणजे त्या होत्या आणि त्यांचं अख्खं मंडळ म्हणजे मी होते. आमचे विलासराव वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "सायकलवर? काऊन, एष्ट्या बंद झाल्या का?"

ज्यांना खरंच जायचंय त्यांच्यासाठी कामाचं. बुलढाण्याहून पुण्याला रात्रीच्या ट्रॅव्हल्स असतात. पुढचं चाक काढलं की सायकल डिकीत मावते. क्लीनर आधी नाही म्हणतो, मग पैसे सांगतो, मग तुमच्या सायकलवर कोणाचं तरी कांद्याचं पोतं ठेवतो. सीटची जुनी गादी मधे घालायला विसरू नका. पुण्याहून आम्ही भाड्याची पिकअप ठरवली आणि ताम्हिणी घाटातून दिवेआगरला उतरलो. सराव म्हणाल तर आम्ही राजूर घाट दोन महिने चढत होतो. त्यामुळे आमचा असा समज झाला होता की घाट म्हणजे काय ते आम्हाला कळलंय. कोकण असे समज फार प्रेमानं दूर करतं.

दिवेआगरच्या सुरूच्या बनातून सायकल ढकलत बाहेर पडलो आणि समोर तो दिसला. मला वाटलं होतं, कुसुमताई काहीतरी बोलतील. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "लयच हाये व." आणि चप्पल काढून चालू पडल्या. मी मुलांना दरवर्षी किनारपट्टीची लांबी, खाड्या, मोसमी वारे असं सगळं पाठ करून घेते. या तीन शब्दांत ते सगळं बसलं, हे परीक्षकांना कसं पटवायचं, एवढाच प्रश्न आहे.

ओहोटीला इथली वाळू दाबून बसते आणि सायकल चक्क धावते. ओहोटी केव्हा ते घरमालकाला विचारा, फोनला विचारू नका. आम्ही फोनला विचारलं आणि अर्धा किनारा सायकली खांद्यावर मारून आणल्या.

दिवेआगर ते श्रीवर्धन हा आरावी-शेखाडीवरून जाणारा रस्ता ज्यांना आयुष्यात एकदाच समुद्राकाठी सायकल चालवायची आहे त्यांनी निवडावा. उजवीकडे पाणी, डावीकडे डोंगर, रहदारी जवळपास नाही. शनिवार-रविवार मात्र टाळा. त्या दिवशी या रस्त्यावर गाडीचं छत उघडून उभी राहणारी मंडळी असतात. त्यांना समुद्रापेक्षा स्वतःचं गाणं ऐकायचं असतं आणि आजूबाजूच्या गावांनाही ऐकवायचं असतं.

श्रीवर्धनला एका घरगुती खानावळीत जेवलो. मालकीणबाईंनी कौतुकानं अख्खा तळलेला बांगडा वाढला. कुसुमताई मटण आवडीनं खातात, पण बोकड ताटात पाहुण्याकडे बघत नाही. त्या बांगड्याकडे बघत बसल्या. "मीना, हा माह्याकडंच पाहून राह्यला." शेवटी त्याचं डोकं आमसुलाच्या वाटीखाली झाकलं आणि बाकीचा त्यांनी संपवला. वर धाडहून आणलेला ठेचा. मालकीणबाईंनी तो चाखला आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. मग विचारलं, "बुलढाणा म्हणजे नागपूरजवळ ना?" मी भूगोलाची शिक्षिका आहे. मी हो म्हणाले. दोघींचं राहणं-जेवण दिवसाला दोन हजारांच्या आत बसलं. आडवारी गेलात आणि 'एसी नको' म्हणालात तर तुम्हालाही बसेल.

दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वर आणि मग बागमांडल्याची फेरीबोट. सायकलीचं तिकीट किरकोळ असतं. बोटीवर मोटारींच्या मधे उभ्या राहून कुसुमताईंनी नारळपाणी प्यायलं आणि धाडच्या आठवडी बाजारात असावं तशा मोठ्या आवाजात मला विचारलं, "ही बोट उलटली तं आपल्याले कोणाच्या बायका म्हणून ओयखतीन?" बोटीवरच्या एका पुणेकर कुटुंबानं मुलांना जवळ ओढून घेतलं.

पलीकडे वेसवीला उतरलं की कोकणाचा खरा स्वभाव कळतो. इथं प्रत्येक गाव खाली पाण्याकाठी बसलेलं आहे आणि दर दोन गावांमधे एक डोंगर आहे. म्हणजे चढा, उतरा, 'काय सुंदर' म्हणा, पुन्हा चढा. नकाशावर किनाऱ्याचा रस्ता गाईच्या शेपटीसारखा लोळलेला दिसतो. चढ नकाशावर दिसत नाहीत, हे मी मुलांना यापुढे आवर्जून सांगणार आहे. केळशीला पोचेपर्यंत माझ्या मांड्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. कुसुमताई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. त्या शेवटच्या चढावर उतरल्यासुद्धा नाहीत. वर जाऊन थांबल्या आणि ओरडल्या, "ये आता! का जेसीबी बोलवू?"

संध्याकाळी केळशीच्या पडवीत पाय पसरून बसलो तेव्हा त्या हसत होत्या, पण मधेच त्यांनी पाय आखडून घेतले. म्हणाल्या, "ह्याइले समजलं ना, का मी तुह्यासंगं आली, तं सायकल गच्चीवर जाईन. पुन्हा खाली येणार नाई."

"तेवढ्यावरून?"

"तेवढ्यावरून नाई व. तुमच्या घरचं पाणीबी प्याचं नाई, अशी आन हाये त्याइची. अन् म्या पाच वर्साची रविवारी तुह्यासंगं चहा पिऊन राह्यली."

मी तेलाची बाटली काढली आणि त्यांचे गुडघे चोळायला बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आडे, पाडले आणि पुढे आंजर्ल्याचा रस्ता धरला. हा पट्टा दिवेआगरच्या तोडीचा आहे. समुद्र इतका जवळ की भरतीला रस्त्यावर तुषार येतात. आंजर्ल्याच्या अलीकडे एक उतार आहे. वळणावर कोणीतरी रस्त्याच्या कामाची खडी टाकून ठेवली होती. काम कुठं दिसलं नाही, खडी तेवढी दिसली, तीही वळण घेतल्यावर.

कुसुमताई पुढे होत्या. त्यांनी पुढचा ब्रेक मारला. सायकल आडवी झाली आणि त्या हातावर पडल्या. आवाज मला मागं ऐकू आला. मी सायकल टाकून धावले, तोवर त्या उठून बसल्या होत्या. डावा हात मनगटाशी जसा नसायला हवा तसा वळला होता.

"सायकलले काई झालं का पाह्य," त्या म्हणाल्या.

"ताई, हात..."

"हाताचं मले दिसून राह्यलं. तू सायकल पाह्य."

मग त्यांच्या ओठांचा रंग गेला आणि त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. त्यांचं डोकं इतकं जड लागलं की मी घाबरले. रस्त्यावर आम्ही दोघीच. खाली समुद्र आपलं काम करत होता. मी ओढणीनं त्यांचा हात गळ्यात बांधला. शाळेत प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालं होतं. त्यात मला फक्त सामोसा आठवत होता. तरी बांधला. त्या कण्हल्या नाहीत. "धीरे," एवढंच म्हणाल्या, एकदाच.

थोड्या वेळानं एक रिक्षावाले आले. त्यांनी ताईंना मागं बसवलं, एक सायकल टपावर बांधली आणि दुसरी एका ओळखीच्या घरी ठेवली. दापोलीपर्यंत प्रत्येक खड्ड्याला माफी मागत रिक्षा चालवली. दापोलीत डॉक्टरांनी फोटो काढला. मनगटाचं हाड मोडलं होतं, पण सरकलेलं जागेवर बसलं. कोपरापर्यंत प्लास्टर घालताना ते म्हणाले, "मावशी, या वयात सायकल कशाला?"

"याच वयात सुट्टी भेटली, डाक्टरसाहेब," ताई म्हणाल्या.

तो दिवस आम्ही दापोलीजवळच्या मुरूडला, किनाऱ्यावरच्या एका घरात काढला. एका हातानं प्लास्टर सांभाळत आणि दोन सायकली घेऊन बसनं परतणं शक्य नव्हतं. ताईंचं एकच पालुपद, "धाडले फोन करू नको." मी त्यांना गोळी दिली, त्या डोळे मिटून पडल्या. मी अंगणातल्या सुपारीखाली जाऊन विलासरावांना फोन लावला.

"हात मोडला," मी म्हणाले.

"तुहा?"

"कुसुमताईंचा."

फोन कटला की काय म्हणून मी स्क्रीन बघितली.

"आपल्या कुसुमवहिनीचा?"

"नाई, दुसऱ्या एका कुसुमताई हायेत. त्याइच्या हातासाठी तुम्हाले फोन लावून राह्यली."

"मी येतो," ते म्हणाले. आणि मग आम्हा दोघांनाही एकदमच आठवलं की ते येऊ शकत नाहीत. आमची गाडी मी चालवते. विलासरावांचं लायसन्स पाकिटाला जाडी यावी म्हणून आहे.

"मंग काय करू?"

"धाडले फोन करा."

"मी? दादाले?"

"वहिनीचा हात मोडला. तुमचा धुरा नाई मोडला."

हे बोलून मी फोन ठेवला, कारण आणखी थांबले असते तर रडले असते. बाहेर एक पर्यटक उंटावर बसत होता. कोकणात उंट का असतो, हा प्रश्न मला एरवी दोन परिच्छेद पुरला असता. तेव्हा मी नुसती बघत राहिले. ताई उठल्यावर त्यांना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "झालं मंग. पाह्यला तेवढा समुद्र पाह्यला."

दुसऱ्या दिवशी दुपारी आमची गाडी फाटकाशी आली; दादांच्या जुन्या जीपला एवढा पल्ला झेपला नसता. दादा चालवत होते. शेजारी विलासराव फोन दोन्ही हातांत धरून बसले होते, पूजेचं ताम्हण धरावं तसे. बुलढाणा, संभाजीनगर, पुणे, ताम्हिणी, मंडणगड, एवढा रस्ता दोघं भाऊ एका गाडीत बसून आले होते. दोघांचेही चेहरे सुजले होते. जागरणानं की सहवासानं, ते सांगता यायचं नाही.

दादा सरळ खोलीत आले. मी त्यांच्या धाकट्या भावाची बायको, त्यामुळे ते एरवीही माझ्याशी थेट बोलत नाहीत. त्यांनी ताईंकडे बघितलं, प्लास्टरकडे बघितलं. मला वाटलं, आता स्फोट होणार. ताईंनाही तेच वाटलं असावं, कारण त्या ताठ बसल्या.

"मंडळाच्या बाया कुठी हायेत?" दादांनी विचारलं.

ताईंनी चांगल्या हातानं माझ्याकडे बोट केलं. "हे काय मंडळ."

दादा माझ्याकडे वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "बाई, टायमावर फोन केला, बरं केलं," एवढं बोलले आणि खाटेच्या कडेवर बसले. मग फार हळू आवाजात ताईंना विचारलं, "दुखून राह्यलं का?"

आणि माझी जाऊ, जिनं मोडक्या हाताला आदल्या दिवशी एक टिपूस काढलं नव्हतं, ती रडायला लागली. मी बाहेर आले. विलासराव अंगणात उभे होते, त्यांना मी चहा दिला. विचारलं, "काय बोलले रस्त्यानं?" ते म्हणाले, "डावीकडं. उजवीकडं. सीधा." म्हणजे प्रगतीच होती.

संध्याकाळी चौघं किनाऱ्यावर गेलो. दादांनीही समुद्र पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी त्याची फार दखल घेतली नाही. घरमालकाच्या सुपारीच्या बागेची घेतली. पाणी कुठून, खत काय, झाड किती वर्षांत धरतं. हे सगळं त्यांनी विलासरावांना विचारलं, मालक शेजारीच उभा असताना. विलासरावांनी मालकाला विचारलं, मालकानं विलासरावांना सांगितलं, त्यांनी दादांना सांगितलं. तिघंही मराठीच बोलत होते.

ताईंनी प्लास्टरला प्लास्टिकची पिशवी बांधली आणि गुडघाभर पाण्यात गेल्या. दादा त्यांचा दुसरा दंड धरून लाटांना शिव्या देत होते. तेवढ्यात एका लाटेनं विलासरावांची चप्पल पळवली. ते नुसते बघत उभे राहिले, स्वभावच तसा. दादांनी ताईंचा हात माझ्या हातात दिला, धोतर खोचलं आणि पाण्यात घुसले. छातीपर्यंत भिजले. चप्पल धरली आणि वाळूत विलासरावांच्या पायाशी फेकली.

"घाल," ते म्हणाले.

विलासरावांनी घातली. ओल्या चपलेनं ते फच्‌फच् करत मागं मागं चालले, आणि दादांनी चाल हळू केली. मी ताईंकडे बघितलं. त्या समुद्राकडे बघत होत्या, निदान तसं दाखवत होत्या.

परतीचा प्रवास गाडीनं झाला. मी चालवली, आंजर्ल्याजवळ ठेवलेली सायकल वाटेत उचलली, दोन्ही सायकली टपावर. गुहागर राहिलं, दाभोळची फेरीबोट राहिली. तुम्ही जाल तेव्हा एक लक्षात ठेवा. खाऱ्या हवेनं साखळी आठवड्यात गंजते. घरी येताच गोड्या पाण्यानं धुवा आणि तेल घाला. मी धुतली नाही, आता ती रडते. पुढचा ब्रेक उतारावर एकटा मारू नका, आणि सरकारी खडी दिसली तर उतरून चाला, तेवढी तिची इज्जत ठेवा.

बाकी घरी काय आलं म्हणाल, तर वाळू आली. बॅगेत, बुटांत, विलासरावांच्या खिशात. आणि ताईंची सायकल गच्चीवर गेली नाही. प्लास्टर निघाल्यावर मार्चमधल्या एका रविवारी मी टपरीकडे निघायच्या बेतात होते, तोच त्या आमच्याच दारात हजर. धाडहून एकट्या चालवत आल्या होत्या. एकट्या म्हणजे, मागं दादांची जीप होती. सायकलच्या वेगानं, सगळे दिवे लावून ती अख्खा रस्ता त्यांच्या मागं रांगत आली होती, आणि तिच्यामागं दोन ट्रॅक्टर आणि एक वऱ्हाडाची बस.

दादा जीपमध्येच बसून राहिले. ताई आत येऊन म्हणाल्या, "त्याइले बोलव." मी विलासरावांकडे बघितलं. ते उठले, चप्पल न घालताच फाटकापर्यंत गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. पण दादा उतरले, आत आले, खुर्चीवर बसले. मी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी तो घेतला, पेल्याकडे क्षणभर बघितलं आणि प्यायले.

चहा होईपर्यंत गुडघे, वारा, सुपारी असे विषय झाले. मग विषय संपले आणि विलासराव म्हणाले, "त्या धुऱ्याचं मात्र तुमचं चुकलंच, दादा."

"माहं चुकलं? तू मोजणीले हजर तरी होता का?"

आवाज चढला. मी किटली खाली ठेवली आणि मधे पडायला निघाले. ताईंनी माझा पदर धरला. त्यांचं मनगट अजून बारीकच होतं, पण पकड घट्ट होती.

"भांडू दे व," त्या म्हणाल्या. "इतके दिवस वकिलाकडं पाहून भांडत होते. आता एकमेकाच्या तोंडाकडं पाहून भांडून राह्यले."

आम्ही दोघी आपापला कप घेऊन बाहेर ओट्यावर येऊन बसलो. आत दादा टेबलावर बोटानं शेत काढून दाखवत होते आणि विलासराव ते बोटानं पुसत होते.